दोघींना सारखंच सोनं

“दळतं का नाई? का आजबी बोटं दुखून राह्यली तुही?”

जयवंताबाईचा नवरा चंपतराव गरजला आणि त्यानं ज्वारीच्या सुपाला अशी लाथ मारली, की सूप भिंतीवर आदळून दाणे साऱ्या ओसरीभर उधळले! जयवंताबाईनं जात्याच्या खुंट्यावरचा हात सोडला नाही. सोडायचा म्हटला तरी सुटला नसता… बोटंच तशी वाकडी होऊन बसली होती. तिनं मान खाली घातली आणि पाठीवर पडणाऱ्या तडाख्याची वाट पाहिली. तो पडला. बैलाच्या कोरड्याचा वळ पाठीवरून थेट मानेपर्यंत उमटला, आणि तिच्या तोंडून हुं की चूं निघालं नाही.

दारात उभी राहून तिची सासू कौशल्याबाई म्हणाली, “म्या तं दोघी सुनाईले सारखंच देल्लं व्हतं बाप्पा! एकीच्या अंगाले लागलं, एकीच्या नाई लागलं. आता मी काय करू?”

हाय रे दैवा! मार सोसवत होता, पण हे वाक्य सोसवत नव्हतं. कारण त्या वाक्यात अर्धं सत्य दडवलेलं होतं, हे त्या घरात दोनच बाया जाणत होत्या. एक बोलणारी, आणि दुसरी मार खाणारी!

भीमपूरच्या पंचक्रोशीत कौशल्याबाईच्या न्यायाचा दाखला देत असत. ती स्वतः सून होती तेव्हा तिच्या सासूनं धाकट्या जावेला तूप वाढलं आणि हिला ताक. तो सल तिच्या काळजात असा रुतून बसला, की तिनं देवापुढं शपथ घेतली होती… माझ्या सुना आल्या की मी दुजाभाव करणार नाही! आणि बाईनं शपथ पाळली. मोठ्या चंपतरावाची बायको जयवंता आणि धाकट्या महिपतची मालन, दोघींना लुगडं एकाच ताग्यातलं. बांगड्या एकाच कासाराच्या. एकीला चार लाडू दिले की दुसरीलाही चार, मग तिला आवडोत न आवडोत. जयवंता तर लग्न होऊन आली तेव्हा जेमतेम परकर सावरणारी पोर होती, आई मेलेली. तिच्या केसांत तेल घातलं, उवा काढल्या, रात्री भिऊन उठली की पोटाशी धरलं, ते या सासूनंच. तेव्हा ती वाईट बाई होती असं म्हणणाऱ्याची जीभ झडो!

निजामाचा अंमल गेला त्यानंतरच्या एका हिवाळ्यात दोघी जावांना एकापाठोपाठ एक आमवातानं धरलं. सकाळी उठावं तर मूठ वळेना, गुडघे फुगलेले, अंगात बारीक ताप. गावठी लेप झाले, शेकणं झालं, अंगारे झाले. शेवटी बैलगाडी जुंपून दोघींना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. तिथं हैदराबादेत शिकून आलेली डॉक्टरीण होती, चारुशीलाबाई. तिनं सांगितलं, या दुखण्यावर एक सुई आहे, आठवड्याला एक घ्यायची, आणि तिच्यात सोन्याचा क्षार असतो.

सोनं! कौशल्याबाईचे डोळे विस्फारले. गळ्यातली पुतळ्यांची माळ तिनं तिथंच उतरवली आणि मोडायला दिली, आणि त्या पैशातून दोघींसाठी औषधाच्या कुप्या आणवल्या. डॉक्टरीण घसा कोरडा करून सांगत राहिली, की हे दागिन्यातलं सोनं नव्हे, पण म्हातारीच्या मनात एकच बसलं… माझीच माळ आता माझ्या दोन सुनांच्या अंगात शिरणार! मग ती वाटणी उणी-अधिक होऊन कसं चालेल?

मालनला त्या सुईचा असा गुण आला, की होळीपर्यंत ती विहिरीवरून दोन घागरी घेऊन यायला लागली. जयवंतेचं मात्र उलटंच झालं. तिसऱ्या सुईनंतर अंगभर पुरळ उठलं, खाजवून खाजवून रक्त निघालं, तोंड आतून सोलून निघालं. पुन्हा गाडी जुंपली. तापानं फणफणलेली जयवंता गाडीत गोधडीखाली पडली होती आणि बाहेर दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरीण सासूला बजावत होती, “कौशल्याबाई, मोठ्या सुनेला ही सुई मानवत नाही. आजपासून बंद. एकसुद्धा द्यायची नाही. धाकटीची चालू ठेवा.”

गोधडीखाली जयवंतेनं ते शब्द न् शब्द ऐकले.

आणि घरी आल्यावर सासू ओसरीत बसून सगळ्यांना म्हणाली, “डाक्टरीण म्हन्ते, चालू ठेवा!”

का म्हणाली ती असं? पाप होतं का तिच्या मनात? नाही हो! त्या रात्री तिनं जयवंतेच्या उशाशी बसून रडत रडत सांगितलं, “लोक म्हन्तीन, मोठीच्या वाट्याचं सोनं धाकटीले टोचलं. माह्या सासूनं केल्लं तसं मी करू काय वं? घे पोरी. कडू औषध उशिरा लागू पडते.” जयवंतेनं एकदाच म्हटलं, “आत्याबाई, राहू द्या ना…” आणि मग दंड पुढं केला. तिलाही आतून कुठंतरी वाटलं, होईल गुण! मालनला झाला, मला का नाही होणार?

धोंडीबा कंपाउंडर दर बाजारच्या दिवशी सायकलीवरून यायचा आणि म्हातारीच्या सांगण्यावरून दोघींना टोचून जायचा. उन्हाळा उलटेपर्यंत जयवंता अर्धी झाली. अंगातलं रक्त आटलं, हिरड्या सडल्या, मरता मरता वाचली ती कुप्या संपल्या म्हणूनच! हात मात्र कायमचे वाकडे झाले. धोंडीबा पुढं पटकीनं गेला आणि ती गोष्ट त्याच्याबरोबरच गेली.

तेव्हाच का नाही तिनं नवऱ्याला सांगितलं? अहो, कोणत्या नवऱ्याला! रझाकारांच्या धुमाकुळात चंपतरावानं नदीकाठची पोरं जमवून गावावर पहारा दिला होता, दोघांना कुऱ्हाडीच्या दांड्यानं लोळवलं होतं, आणि गावानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. राज्य बदललं, फौज आली, झेंडा बदलला… पण लढाई संपली हे त्या हाताला काही कोणी सांगितलं नाही! तो हात मग घरातच लढू लागला. जयवंता मरणाच्या दारात होती तेव्हा तो उंबऱ्यावर बसून म्हणाला होता, “माह्या बायकोवर कोनी करनी केली आसन ना, तं त्याचं मुंडकं उडवीन. मंग तो सख्खा असो का परका!”

जयवंतेनं सासूकडं पाहिलं होतं. म्हातारीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्या क्षणी जयवंतेनं ओठ शिवून घेतले.

पण गावाची जीभ कोण शिवणार? एकाच कुपीतलं औषध, एकीला अमृत झालं आणि दुसरीला माती, असं कुठं असतं का? हळूहळू कुजबुज उठली, मोठीच्या मनातच खोट आहे, तिला कामच करायचं नाही! चंपतरावालाही ते पटलं. आणि तेव्हापासून कोरडा बैलापेक्षा तिच्याच पाठीवर जास्त पडू लागला.

अशी वर्षं गेली. आणि त्या साली, कापसाची बोंडं फुटायच्या सुमाराला, जयवंतेची लेक तुळजा वेचणीहून परत आली ती रडतच.

“माय, बोंडातून कापूस निघत नाई वं. बोटं वळतच नाईत!”

जयवंतेनं लेकीचे हात हातात घेतले. गरम. फुगलेले. सांधे लाल झालेले! आपलं दुखणं आपल्या लेकीच्या हातात पाहावं लागावं, याहून मोठी शिक्षा देवाजवळ नसेल. सोळा वर्षांची पोर! पुढच्या उन्हाळ्यात लग्न करायचं घाटत होतं.

“घाबरू नोको,” कौशल्याबाई म्हणाली. “सुई हाय ना. मालनले बरं वाटलं, हिलेबी वाटन.”

चारुशीलाबाई अजून आदिलाबादेतच होत्या, पण थोड्याच दिवसांसाठी. हैदराबाद राज्याचे तुकडे पडत होते. किनवट मुंबई राज्यात जाणार, भीमपूर आंध्रात राहणार, आणि मराठी अंमलदारांच्या बदल्या भराभर निघत होत्या. डॉक्टरीणबाईंचाही हुकूम आला होता, दिवाळीआधी औरंगाबादला. जाण्यापूर्वी त्या आपल्या जुन्या आमवाताच्या बायांना गावोगाव जाऊन पाहत होत्या. एका दुपारी त्यांची जीप अंगणात उभी राहिली.

मधल्या घरात त्यांनी तुळजेला तपासलं. सांधे दाबले, डोळे पाहिले, रक्त काढून घेतलं. जयवंता, मालन आणि कौशल्याबाई भिंतीला लागून बसल्या होत्या. पुरुष बाहेर अंगणात.

“आहे. तेच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण हिला मी सोनं टोचणार नाही.”

“काऊन?” मालनच्या तोंडून निघून गेलं. “मले तं नवा जन्म देल्ला तुमी!”

“तुम्हाला दिला, खरं आहे. मी इतक्या वर्षांत कितीतरी बाया पाहिल्या, मालनबाई. आजार एकच, औषध एकच. एकीला गुण येतो, दुसरीला येत नाही, तिसरीचं नुकसान होतं. का? रक्तात काही असतं की सांध्यात, की आईबापांकडून आलेलं असतं… मोठमोठे डॉक्टरही अजून शोधताहेत. मीही माझ्यापरीनं पाहते आहे. पण मला सगळ्यांत जास्त छळलं ते या जयवंताबाईंनी! फक्त तीन सुया. लगेच बंद केल्या. तरी पुढं कित्येक महिने विष चढतच राहिलं. औषध थांबवूनही असं झालेली दुसरी बाई मी पाहिली नाही. ही पोर हिच्याच पोटची. उद्या मी इथं नसेन. हिच्या जिवाशी मी खेळू शकत नाही.”

मालननं दचकून सासूकडं पाहिलं; जयवंतेलाही उन्हाळाभर टोचलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण सासूनं तिला डोळ्यांनीच दटावलं.

“मंग पोरीचं काय व्हईन?” जयवंतेनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या वाकड्या हातांकडं पाहिलं, मग नजर वळवली. उत्तर मिळालं! त्या उठल्या, पिशवी घेतली आणि बाहेर पडल्या.

जयवंतेनं सासूकडं पाहिलं. बोला ना आत्याबाई! अजून वेळ आहे, बोला! पण कौशल्याबाईनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिची नजर बाहेर उभ्या असलेल्या आपल्या मोठ्या लेकावर खिळली होती. जीपचं इंजिन घरघरलं.

काय करावं त्या माऊलीनं? गप्प राहावं तर पोटची पोर जन्माची पांगळी! खरं सांगावं तर ज्या मांडीवर ती लहानाची मोठी झाली, त्या मांडीवर कुऱ्हाड! डोक्यात घण पडत होते… आणि मग तिला तिसरी वाट दिसली. काटेरी होती, पण तिच्या पायांच्या सवयीची होती.

ती उठली आणि फुगल्या गुडघ्यांनी धडपडत, दाराच्या चौकटीला आपटत अंगणात धावली.

“थांबा! बाई, थांबा! तीन नाई! उनाळाभर टोचून घेतल्या म्या!”

जीप थांबली. डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. “काय म्हणालात?”

“तुमी बंद सांगतल्या व्हत्या. तरी म्या घेतल्या, कुप्या संपेपर्यंत. म्हनून विष चढलं, बाई. माह्या रक्ताचा दोष नाई! पोरीच्याबी नाई! तिले द्या सुई… पाया पडते तुमच्या!”

“पण कोणी दिल्या? मी निक्षून सांगितलं होतं!”

“म्याच. आत्याबाईलेबी, धोंडीबालेबी खोटं सांगतलं. मालन बरी झाली, मले हाव सुटली… म्याच केलं, बाई. कोनाचा दोष नाई.”

मग चंपतरावाच्या घशातून एक आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता.

“हाव सुटली! इतकी वर्सं आमाले येडं बनवलं? आन् तुह्या हावरेपनानं माह्या पोरीचं औषध आडलं?”

त्यानं उभ्या असलेल्या बैलबंडीची उभारी, तो बाजूचा जाड लाकडी दांडा, उपसली. पहिला घाव जयवंतेनं आडव्या धरलेल्या हातावर पडला, आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला! ती मातीत कोसळली. “अहो, थांबा! मरेल ती!” डॉक्टरीणबाई ओरडत मधे घुसल्या, त्याच्या कोपराच्या झटक्यासरशी जीपवर जाऊन आदळल्या. महिपत “दादा, दादा” करत मागून लटकला, तोही फेकला गेला. उभारी पुन्हा वर गेली, यावेळी सरळ डोक्यावर. जयवंतेनं डोळे मिटले. सुटले, असं तिच्या मनात आलं.

घाव पडला. पण तिच्यावर नाही!

डोळे उघडले तेव्हा तिच्या अंगावर सासू पालथी पडली होती. म्हातारीचा उजवा खांदा खाली लोंबला होता.

“मार! आजून मार!” कौशल्याबाई किंचाळली. “मले मार! ते खोटं बोलून राह्यली! डाक्टरणीनं मले सांगतलं व्हतं बंद करा म्हनून. म्या नाई सांगतलं कोनाले! म्याच धोंडीबाले म्हटलं, दे म्हनून. या पोरीनं आइकलं व्हतं सारं, गाडीत पडल्या पडल्या आइकलं व्हतं… आन् तरी चकार शब्द नाई काढला! तुह्या हातचा मार खाल्ला, पर माहं नाव नाई घेतलं रे, माह्या वैऱ्या!”

चंपतरावाचे डोळे रक्तासारखे लाल झाले. उभारी अजून हातात होती, आणि ती तिसऱ्यांदा वर गेली. सख्ख्या आईवर! जयवंतेनं मोडका हात तसाच ओढत म्हातारीचं डोकं आपल्या छातीखाली घेतलं. “नाई! माही माय हाय ते!” ती ओरडली. आणि तेवढ्यात दोन फुगलेल्या, लाल हातांनी ती उभारी घट्ट धरली.

तुळजा होती. वेदनेनं तिचं तोंड वाकडं झालं होतं, पण तिनं पकड सोडली नाही.

“आधी मले मारा, बा. मंग मायले. मंग आजीले. घर रिकामं व्हऊ द्या एकदाचं!”

बापानं लेकीच्या बोटांकडं पाहिलं. हिसका दिला असता तर ती बोटं तुटली असती. कोण जाणे काय झालं त्याला! त्याच्या हातातलं लाकूड गळून पडलं, आणि तो गडी मटकन खाली बसून लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडू लागला. रडेना का! कोणी त्याच्याकडं गेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचं रक्त पुसलं, फळ्या मागवल्या, आणि आधी सुनेचा हात बांधला, मग सासूचा खांदा. त्या बांधत असताना म्हातारी जयवंतेच्या तोंडावरून डावा हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, “काऊन नाई सांगतलं वं? काऊन?”

“सांगून काय करू आत्याबाई?” जयवंता म्हणाली. “मले पुन्हा दुसरी माय कोठी भेटली असती?”

त्यावर म्हातारीनं जो हंबरडा फोडला, तो नदीपलीकडच्या गावात ऐकू गेला असेल.

डॉक्टरीणबाई त्या रात्री गेल्या नाहीत. “तुम्ही मला आज काय दिलंत, ते तुम्हाला कळणार नाही,” त्या जयवंतेला म्हणाल्या. “इतकी वर्षं मी एका खोट्या गोष्टीवरून डोकं फोडत होते. पण ऐका. आईला मानवलं नाही म्हणून लेकीला मानवणार नाही, असं नाही. काकूला मानवलं म्हणून मानवेलच, असंही नाही. अगदी थोडं देऊन पाहायचं आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. खाज आली, तोंड आलं, की त्याच दिवशी बंद. मग लोक काही म्हणोत.”

पहिली सुई त्यांनी स्वतः टोचली, पुढचं काम आदिलाबादच्या नव्या डॉक्टरांवर सोपवलं, आणि औरंगाबादला निघून गेल्या. मालन रोज सकाळी तुळजेला उन्हात उभी करून तिची कातडी न्याहाळायची, जीभ बाहेर काढायला लावायची. जयवंता देवापुढं बसून राहायची. पुरळ उठलं नाही. तोंड आलं नाही. आणि कापसाची शेवटची वेचणी चालू असताना तुळजेनं एका सकाळी आईच्या नाकासमोर हात धरला आणि गच्च मूठ आवळून दाखवली! जयवंतेनं ती मूठ आपल्या गालाला लावली आणि ती कितीतरी वेळ रडत राहिली.

त्याच दिवशी चंपतराव ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. उभारी टाकल्यापासून तो गोठ्यातच निजत होता. त्यानं हात जोडले. “जयवंता, चुकलो मी. पाय धरतो तुहे. मले घरात घे.”

जयवंतेनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. राग नव्हता तिच्या मनात. रागाला जागाच उरली नव्हती.

“घर तुमचं हाय, या,” ती शांतपणे म्हणाली. “जेवा, शेत पाहा, पोरीचं लग्न लावा. पर माह्या अंगाले तुमचा हात कदीच मानवला नाई. तो आता बंद. पुन्हा उगारला तं मी पोरीले घेऊन जाईन, आन् हे म्हातारी माह्यासंगं येईन.”

“येईन म्हंजे? पुढं चालीन मी!” आतून कौशल्याबाई कडाडली.

चंपतरावानं मान खाली घातली आणि पायरीवरच बसला.

आत पानं मांडली होती. जयवंतेचा मोडलेला हात जुळला होता, पण घास उचलण्याजोगा कधीच होणार नव्हता. कौशल्याबाईनं तिचं पान आपल्यापुढं ओढलं, डाव्या हातानं भाकर दुधात कुस्करली, वर तुपाची अख्खी वाटी ओतली आणि घास तिच्या तोंडाशी नेला. मालननं आपल्या पानातल्या कोरड्या भाकरीकडं पाहिलं आणि गालातल्या गालात हसत म्हणाली, “आन् माह्या वाट्याचं तूप वं, आत्याबाई?”

“तुले हात हायेत ना धडधाकट? घे आपल्या हातानं!” म्हातारी तिच्यावर खेकसली. “आजपासून जिले जे लागन, ते तिले भेटन. सारखं-बिरखं काई नाई!”

मालन खळखळून हसली, तुळजा हसली, आणि जयवंतेनं डोळ्यांतलं पाणी न पुसताच तो घास तोंडात घेतला.